हेल्मरचा होकार

आमच्या गावात एखाद्या पदार्थाला किंवा माणसाला कुणी "वेगळाच आहे" म्हणालं, की समजावं, त्याला तो अजिबात आवडलेला नाही. याहून कडक शब्द आम्ही वापरत नाही. हेल्मरमध्ये कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. कॉफी नको असली तरी तिसऱ्यांदा विचारल्यावर अर्धा कप घ्यायचा. शेजाऱ्याचं कुत्रं आपल्या वाफ्यात खड्डे करत असेल तर शेजाऱ्याला केक नेऊन द्यायचा आणि कुत्र्याची तब्येत विचारायची. बाहेरचे लोक याला चांगुलपणा म्हणतात. मी त्यात पन्नास वर्षं काढली आहेत, आणि आता मला त्याची भीती वाटते.

मी जोलीन. हेल्मरच्या नगर कार्यालयात चिटणीस आहे. सभांचं इतिवृत्त लिहायचं, ठरावांना क्रमांक द्यायचे, कुत्र्यांचे परवाने द्यायचे, अशी माझी कामं. याशिवाय माझ्या नावावर आणखी एक पद आहे, ते मी मागितलं नव्हतं. संयुक्त वीज संस्थेवर मी हेल्मरची पर्यायी प्रतिनिधी.

ही संस्था तेवीस गावांनी मिळून उभी केलेली आहे. तारा, खांब, मीटर ज्या त्या गावाचे. वीज मात्र सगळ्यांनी मिळून आणायची, कारण एकट्या गावाला बाजारात कोण विचारतं. संस्थेच्या मंडळावर प्रत्येक गावाचा एक प्रतिनिधी, आणि तो आला नाही तर त्याचा पर्यायी. मत घेताना माणसाचं नाव पुकारत नाहीत, गावाचं पुकारतात. एल्डन? हो. फेअरहोम? हो. ग्रानबी? हो. हेल्मर? आणि हेल्मरने हो म्हटलं की ते चार हजार माणसांनी म्हटलेलं असतं. काही होकार तर पुढची तीस वर्षं मागे घेता येत नाहीत.

एकतीस वर्षं हेल्मरचा हा आवाज माझ्या मामाचा होता. आर्विड टॉर्गसन. हयातभर गावच्या वीजकेंद्राचा मुख्य, निवृत्त झाल्यावरही प्रतिनिधी म्हणून ठेवलेला. केंद्रात तीन जुनी डिझेल इंजिनं आहेत, माझ्या आईच्या लग्नाच्याही आधीची. एक्क्याण्णव साली पडताच गोठणाऱ्या पावसाने सगळ्या कौंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, खांब आडवे केले, आजूबाजूची गावं नऊ दिवस काळोखात होती. हेल्मरमध्ये बाराव्या मिनिटाला दिवे आले. टाकीत दाबून ठेवलेल्या हवेची झडप मामाने हाताने उघडून दोन नंबरचं इंजिन फिरवलं, त्यावर बाकीची दोन. ती बारा मिनिटं गावाच्या अंगात भिनली आहेत. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला इंजिनं तासभर चालवून बघायची पद्धत होती. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी घड्याळ जुळवून घ्यायचं.

पूर्वी मामा मंडळाच्या सभेला जायचा तेव्हा संस्थेचे साहेब लोक जरा सावरून बसत. तीनशे पानांचा गठ्ठा तो आठवडाभर पेन्सिल घेऊन वाचायचा. सभेत एकच प्रश्न विचारायचा, पण प्रत्येक ठरावाला विचारायचा. "हे बंद पडलं, तर चालू कोण करणार?" उत्तर मिळेपर्यंत बसायचा नाही. जेवण थंड व्हायचं. भट्टीत भाजलेलं, वर बटाट्याचे गोळे लावलेलं हॉटडिश, त्यात थंड झालेलं. बाकी बावीस गावं मामाकडे बघून मान खाली घालायची.

मग मामाचं डोकं विसरू लागलं.

सुरुवातीला टोपी, मग किल्ल्या, मग आदल्या वर्षी वारलेल्या मामीला फोन. गावाने हे ज्या तऱ्हेने झाकलं ते बघण्यासारखं होतं. दुकानात त्याने दोनदा पैसे दिले तर पोरगी दुसऱ्यांदाचे गुपचूप त्याच्या कोटाच्या खिशात घालायची. शेजारीण संध्याकाळी "साखर आहे का" म्हणून यायची आणि जाताना शेगडी बंद करून जायची. चर्चमध्ये त्याने एकच प्रार्थना दोनदा म्हटली तर सगळे दोनदा म्हणायचे. कुणी एक शब्द बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांची खात्री होती, की बाकी काही विसरला तरी इंजिनं आणि संस्था हे आर्विड विसरणार नाही.

एकदा मंडळाच्या सभेला तो रस्ता चुकून तीन तास उशिरा पोहोचला, त्यानंतर गाडी मी चालवू लागले. नव्वद मैलांच्या त्या वाटेत तो मजेत असायचा.

"संस्थेची कॉफी म्हणजे काय सांगू तुला," तो म्हणायचा. "इतकी पातळ, की कपाच्या बुडावर लिहिलेलं वाचता येतं."

"मग घेऊ नका, मामा."

"अगं, विचारतात ना. नाही कसं म्हणायचं?"

दहा मैलांनी तो कॉफीचं तेच पुन्हा सांगायचा, आणि मी तितकंच हसायचे.

पहिल्यांदा घडलं ते एका क्षुल्लक ठरावाला, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याच्या. "हेल्मर?" सचिवबाईंनी पुकारलं. मामा खिडकीबाहेर शेतात चाललेल्या ट्रॅक्टरकडे बघत होता. दोन सेकंद गेले. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. तीनचार माना वळल्या. मी टेबलाखालून त्याच्या कोपराला बोट लावलं. मामा लगेच, भरदार आवाजात म्हणाला, "हो."

माना पुन्हा सरळ झाल्या. मला इतकं हलकं वाटलं, की परतीच्या वाटेत मी त्याला रूबार्बच्या आंबट देठांची गोड पाय-पेस्ट्री खाऊ घातली.

मग ते रोजचंच झालं. पुकारा, कोपर, हो. दोन वर्षांत हेल्मरने एकाही ठरावाला नाही म्हटलं नाही, की प्रश्न विचारला नाही. कुणाला खटकलं नाही. उलट संस्थेचा व्यवस्थापक प्रेस्टन एकदा जेवणाच्या रांगेत माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आर्विड हल्ली फारच समजूतदार झाले आहेत." त्याच्याकडे बघून मी हसले. तो ज्या तऱ्हेने हसला त्यावरून मला वाटलं, याने टेबलाखालचा हात पाहिला आहे.

गावाने लक्ष ठेवायचं नाही का? ठेवत होतं. तशी सगळी तजवीज आहे. दर महिन्याला प्रतिनिधीने गावच्या वीज समितीला अहवाल द्यायचा. तो मी लिहायचे, मामा वाचायचा. समितीचे पाचजण ऐकायचे आणि मी इतिवृत्तात लिहायचे, "अहवाल स्वीकृत." दर जानेवारीला नगर परिषदेने प्रतिनिधी नव्याने नेमायचा, ते नाव बर्फ उपसण्याचं कंत्राट आणि पुस्तकवाचन सप्ताह यांच्यासोबत एकगठ्ठा ठरावात यायचं, आणि गठ्ठा एका हाताने मंजूर व्हायचा. एकदा त्या गठ्ठ्याच्या आधी आमच्या महापौर कॉनी माझ्या टेबलाशी आल्या.

"आर्विड बरे आहेत ना गं?"

"बरे आहेत."

"नाही, म्हटलं विचारावं. तू असतेसच बरोबर."

"असते ना."

"मग झालं तर."

कॉनीला वाटायचं, जोलीन बघते. मला वाटायचं, समितीवाले संस्थेकडून येणारा गठ्ठा वाचत असतील. समितीला वाटायचं, आर्विड आहे म्हणजे काळजी नाही. आणि आर्विड ट्रॅक्टरकडे बघत होता.

त्याला काढा असं मी कधी म्हटलं नाही. लाजेची गोष्ट आहे, पण खरी आहे. मला बाप आठवत नाही. सायकल शिकवली ती मामाने, माझ्या लग्नात वेदीपर्यंत हात धरून नेलं ते मामाने. सगळ्या गावासमोर त्याच्या नावावर काट मारणारी मी व्हायचं? त्यापेक्षा कोपराला बोट लावणं सोपं होतं.

एप्रिलच्या सभेत चौदा क्रमांकाचा ठराव होता. गठ्ठ्यातल्या दोनशे सातव्या पानावर. मी चाळिसाव्या पानापर्यंत वाचलं होतं. प्रेस्टनने पडद्यावर चित्रं दाखवली. नऊ गावांची जुनी केंद्रं आता संस्थेच्या नियंत्रण कक्षातून चालतील, गावांनी रात्रीबेरात्री धावायला नको, सुरक्षितता वाढेल. एका चित्रात इंजिनाजवळ गुडघ्यावर बसलेला कामगार होता, हातात मोठा पाना. तो काय काढतो आहे, असं माझ्या मनात आलं. प्रतिनिधी हजर असताना पर्यायीला बोलता येत नाही.

"काही प्रश्न?" प्रेस्टनने विचारलं, आणि तो थेट मामाकडे बघत थांबला. मला वाटतं, तो खरंच थांबला होता. एकतीस वर्षांची सवय. खोलीत बावीस गावं हॉटडिशचा वास घेत बसली होती. मामा बाहेर बघत होता.

"हेल्मर?"

मी बोट लावलं.

"हो."

त्या महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, "केंद्रांचं आधुनिकीकरण मंजूर." समितीने तीन मिनिटांत स्वीकारला.

ऑक्टोबरात माणसं आली आणि केंद्रात भिंतीवर एक करडी पेटी बसवून गेली. अंगाने कपाटाएवढी, वर एक हिरवा दिवा. नगर परिषदेने त्यांना डोनट दिले. कॉनीने पेटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. केंद्रातला शेवटचा माणूस त्याच महिन्यात निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी लागणार नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी दहा वाजून गेले तरी काचा थरथरल्या नाहीत. मी टाइप करत होते, हात आपोआप थांबले. बाहेर न्हावी दारात येऊन उभा होता, हातात कात्री, आणि केंद्राच्या दिशेने बघत होता. सव्वादहाला मामा आला. टोपी घातलेली, आणि मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलेलं.

"दोन नंबर सुरू झालं नाही."

"आता ते तिकडून बघतात, मामा. संस्थेकडून."

"तिकडून ऐकू येतं का त्यांना?"

तो पाऊण तास माझ्या टेबलाशी बसून राहिला, घड्याळ हातात घेऊन. अकरा वाजले तेव्हा, इंजिनं बंद करायची वेळ झाल्यासारखा, उठून गेला.

त्या दुपारी मी दोनशे सातवं पान काढलं. यापुढे इंजिनं फक्त नियंत्रण कक्षाच्या आदेशाने सुरू होतील. चाचणी संगणकावरच होईल. स्थानिक माणसांनी हात लावू नये. यंत्रातल्या बदलांसाठी परिशिष्ट क पाहावे, असं खाली होतं. परिशिष्ट क गठ्ठ्यात नव्हतं. मी ते पान घेऊन कॉनीकडे गेले.

त्यांनी दोनदा वाचलं. "याला आपण हो म्हटलं?"

"म्हटलं."

"आर्विडने?"

"हो."

कॉनीचा चेहरा सैल झाला. "मग त्यांनी सगळं बघितलं असणार. तो माणूस बघितल्याशिवाय हो म्हणायचा नाही."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. कॉनीने ते पान माझ्या हातात परत दिलं आणि विचारलं, "थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आईला घरी आणणार आहेस का?" आणि मी म्हटलं, नाही, तिचं ऑक्सिजनचं यंत्र हलवायला जड पडतं, आम्हीच तिकडे जाऊ. असं ते राहून गेलं.

आई म्हणजे मामाची धाकटी बहीण. केंद्राच्या मागच्या रस्त्यावर वृद्धनिवास आहे, तिथे ती असते. एकूण अडतीस माणसं, त्यांतली अकरा ऑक्सिजनच्या यंत्रावर, आणि यंत्रं विजेवर. निवासाचा स्वतःचा जनरेटर आहे, पण तो दिवे आणि औषधांचे फ्रीज ओढण्यापुरता. हाकेच्या अंतरावर आपली इंजिनं असताना त्याहून मोठा कशाला, असं म्हणून कुणी घेतलाच नव्हता.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी पहाटेपासून तो पाऊस सुरू झाला. पडताना पाणी, टेकला की बर्फ. दहापर्यंत प्रत्येक फांदी बोटभर जाड काचेत होती आणि झाडं मोडायला लागली होती. अकरा चाळीसला वीज गेली.

कार्यालयात कुणी दचकलं नाही. कॉनीने सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि कॉफीचं भांडं यंत्राखाली नीट सरकवून ठेवलं. कर विभागातली बाई विणकाम घेऊन बसली. रस्त्यापलीकडे न्हावी अर्ध्या डोक्याच्या गिऱ्हाइकासकट खिडकीत आला होता. सगळं गाव बारा मिनिटं मोजत होतं. एक्कावन्न. बावन्न. झाडांच्या मोडण्याशिवाय आवाज नव्हता. त्रेपन्न झाले तेव्हा विणणाऱ्या बाईने सुया मांडीवर ठेवल्या.

मोबाइल चालू होता. मी नियंत्रण कक्षाला फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी बोलली. तिला सगळं ठाऊक होतं.

"तुमची तिन्ही इंजिनं आमच्या पडद्यावर 'उपलब्ध' दिसताहेत," ती म्हणाली.

"मग सुरू करा ना."

"आदेश जातो ती तार खांबावरून येते, मॅडम. खांब पडले आहेत. तार जोडली की पहिली हेल्मरची पाळी."

"कधी जोडाल?"

"ते सांगता येत नाही. आणि कृपया तिथे कुणी काही करायला जाऊ नका. आज जपून राहा."

अडीच वाजता अग्निशमन दलाचा प्रमुख डुएन केंद्राच्या दाराशी उभा होता. मामाच्या हाताखाली शिकलेला माणूस. कॉनी होती, दलाचे दोन जवान होते, आणि मी मामाला घेऊन आले होते. निवासातले अकराजण काही तासांपुरत्या छोट्या टाक्यांवर होते. निवासासमोर शाळेची बस बर्फासाठी चाकांना साखळ्या बांधून उभी होती आणि माणसं खुर्च्यांसकट चढवायला सुरुवात झाली होती. बावीस मैलांवर कौंटीचं इस्पितळ. पोलीस साडेतीनला महामार्ग बंद करणार होते.

"मला त्यांना हलवायचं नाहीये," डुएन हळू आवाजात म्हणाला. "मागे पुराच्या वेळी हलवले होते, त्याच आठवड्यात दोघं गेली. पण इथे ऑक्सिजन नसेल तर हलवण्याशिवाय इलाज नाही."

मामाने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. ती किल्ली त्याने कधीच हरवली नव्हती. आत थंडगार होतं, तेलाचा जुना वास होता, आणि करड्या पेटीवरचा हिरवा दिवा स्वतःच्या बॅटरीवर जळत होता. मामाची पाठ सरळ झाली. त्याने दोन नंबरच्या अंगावर हात ठेवला आणि कॉनीने माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. मलाही तेव्हा खरंच वाटत होतं, की एवढं तरी त्याच्यात शिल्लक असेल.

डुएन जवळ आला. "आर्विडकाका, सरळ विचारतो. ही हाताने सुरू होतील? होणार असतील तर मी म्हाताऱ्यांना उतरवून घेतो. नसतील तर बस आत्ता सुटली पाहिजे. होतील का?"

मामा हिरव्या दिव्याकडे बघत होता.

दोन सेकंद गेले. माना वळल्या. कॉनीची वळली, त्या दोघांची वळली. डुएनच्या कपाळावर आठी पडायला लागली, आणि ती मामासाठी पडते आहे हे मला बघवलं नाही. माझा हात कधी उठला ते मला कळलंच नाही. बोट कोपराला लागलं तेव्हा कळलं.

"हो," मामा म्हणाला. भरदार आवाजात.

डुएनने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "उतरवा सगळ्यांना. साखळ्या काढा. आर्विड सुरू करताहेत." आणि तो जवळजवळ पळतच बाहेर गेला, मागोमाग बाकीचे.

मामा खाली वाकला. डावा हात इंजिनाच्या कुशीत गेला, न बघता, जिथे झडपेचा दांडा असायला हवा तिथे. हात फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मी टॉर्च मारला. तिथे एक कोरी पोलादी पट्टी होती, चार नव्या बोल्टांनी आवळलेली. परिशिष्ट क.

"इथे झडप होती," मामा म्हणाला.

मी बाहेर धावले. दोनदा आपटले. डुएन गाडीशी होता, कॉनी त्याच्याशेजारी, आणि ते दोघे जवान हसत काहीतरी बोलत होते, चिंता सरली की माणसं बोलतात तसं.

"डुएन, बस सोड. ती सुरू होणार नाहीत."

"आर्विड म्हणाले की हो."

"त्याला काही कळलेलं नाही. दोन वर्षं त्याला काही कळत नाहीये. मी कोपराला हात लावला की तो हो म्हणतो. संस्थेतही तसंच. आताही मीच लावला. झडप काढून नेली आहे, डुएन, आणि त्यालाही हेल्मरने हो म्हटलंय."

कॉनीने माझ्या चेहऱ्यावरून नजर काढून माझ्या हाताकडे बघितलं. मी तो कोटाच्या खिशात घातला.

डुएनने वॉकीटॉकी उचलला. तिकडे वीसजणांना आत नेलं होतं आणि पुढच्या चाकांच्या साखळ्या निघाल्या होत्या. पुन्हा चढवायला, पुन्हा बांधायला पन्नास मिनिटं लागली. मी आईला खुर्चीसकट उचलायला हात लावला, तिच्या नाकातली नळी आता छोट्या टाकीला जोडलेली होती, आणि ती म्हणत होती, "आत्ताच उतरवलंत ना गं? वेगळंच चाललंय." बस महामार्गावर पोहोचली तेव्हा तीन बावन्न झाले होते. पोलिसांनी महामार्गाचं फाटक लावलं होतं आणि फाटकापलीकडे एक लांबलचक ट्रक आडवा पडला होता. बस मागे वळली. दंतवैद्याकडच्या, वेल्डिंगवाल्याकडच्या, गावात होत्या तेवढ्या ऑक्सिजनच्या टाक्या जमा केल्या. हिशेब परिचारिकेने केला. अकराजणांना मिळून रात्री नऊपर्यंत.

मामा केंद्रातच राहिला आहे, हे मला साडेचारला आठवलं.

तो तिथेच होता, दोन नंबरपाशी जमिनीवर बसलेला, दोन्ही तळवे त्या पोलादी पट्टीवर ठेवून. नखांतून रक्त आलं होतं. बोल्ट हाताने फिरवायचा प्रयत्न केला असावा. मी त्याच्याजवळ बसले आणि त्याचे हात माझ्या मफलरमध्ये गुंडाळले. त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा डोळे अगदी स्वच्छ होते, जुन्या सभांमध्ये असायचे तसे.

"हे बंद पडलं," तो म्हणाला. "चालू कोण करणार?"

मी मफलरची गाठ आवळली.

"झडप काढायला हो कोण म्हणालं, जोलीन?"

"हेल्मर म्हणालं, मामा."

बाहेर एक मोठं झाड मोडून पडलं. मग त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि मफलरमधल्या हाताने माझा हात थोपटला.

"मग असू दे," मामा म्हणाला. "हेल्मरने बघूनच म्हटलं असेल."